अंजनेरीचं कंदीलपुष्प ‘अतिसंकटग्रस्त’ आहे म्हणजे नेमकं काय मोजलंय?

गवत्या (धागाकर्ता)

श्रावण लागला की नाशिकच्या ग्रुपांवर कंदीलपुष्पांचे फोटो सुरू होतात. खाली ठरलेली ओळ: ‘अंजनेरीचं दुर्मिळ फूल, अतिसंकटग्रस्त, रेड डेटा बुकात नोंद’. ही ओळ एकाची दुसऱ्याने उचललेली असते, आणि तिच्यातला शेवटचा तुकडा तर काळाच्या हिशोबातच बसत नाही. हे फूल म्हणजे सेरोपेजिया अंजनेरिका (सेरोपेजिया हे कंदीलपुष्पांचं शास्त्रीय नाव). ही जाती मालपुरे, कांबळे आणि यादव यांनी नाशिकजवळच्या अंजनेरी डोंगरावरच्या नमुन्यांवरून २००६ साली नवी म्हणून नोंदवली. भारतीय वनस्पती सर्वेक्षणाच्या रेड डेटा बुकाचे तीन खंड १९८७ ते १९९० या काळात निघाले. जे झाड तेव्हा कागदावर जन्मालाच आलं नव्हतं, त्याची नोंद त्यात कशी असेल? त्या खंडांत सेरोपेजियाच्या इतर जाती आहेत, त्यांची नोंद या फुलाला चिकटवून दिलीय.

दुसरा घोळ शब्दाचा. त्या जुन्या पुस्तकातले ‘दुर्मिळ’, ‘अनिश्चित’ असे वर्ग जाणकारांच्या अंदाजावर ठरत. आययूसीएनने (निसर्गसंवर्धनाची आंतरराष्ट्रीय संघटना) १९९४ पासून आकड्यांचे निकष आणले, २००१ ची आवृत्ती ३.१ आजही चालते, आणि तिच्यात ‘दुर्मिळ’ नावाचा वर्गच नाही. दुर्मिळ असणं वेगळं आणि धोक्यात असणं वेगळं. एकाच कड्यावर हजार वर्षं सुखाने राहिलेलं झाड दुर्मिळ असतं, पण त्याला काही होत नसेल तर ते संकटग्रस्त ठरत नाही.

धागा काढण्याचं कारण असं की २०२७ चा सिंहस्थ तोंडावर आहे. त्र्यंबकच्या पर्वकाळाची गर्दी ऑगस्ट-सप्टेंबरात, आणि माथ्यावरच्या कंदीलपुष्पांचा हंगामही तोच. रस्ता, रोपवे यांची चर्चा आहेच. तेव्हा कुणी विचारलं की ‘पुरावा काय?’, तर फेसबुकची ओळ दाखवून चालणार नाही. निकष कसे लागतात, त्यासाठी माथ्यावर काय मोजायचं आणि मोजताना काय चुकतं, यावर ज्यांना माहिती आहे त्यांनी लिहावं.

---

सह्यकडा

चांगला विषय. निकष पाच आहेत, ए ते ई. अशा एका डोंगराच्या वनस्पतीला कामाचे दोनच: बी (क्षेत्रफळ) आणि डी (संख्या). सी-ही लागतो, पण त्याला प्रौढ झाडांच्या संख्येतली घट दाखवावी लागते आणि तशी नोंद सहसा कुणाकडे नसते.

बी मध्ये दोन क्षेत्रफळं असतात. एक विस्तारक्षेत्र: जिथे जिथे झाड आहे ते सगळे बिंदू बाहेरून रबरबँडने वेढल्यासारखा बहुभुज. दुसरं व्याप्तिक्षेत्र: नकाशावर २ किमी बाय २ किमीची जाळी टाकायची आणि झाड असलेले चौकोन मोजायचे, प्रत्येक चौकोन ४ चौ.किमी. अतिसंकटग्रस्तासाठी विस्तारक्षेत्र १०० चौ.किमी.च्या आत किंवा व्याप्तिक्षेत्र १० चौ.किमी.च्या आत हवं.

आता गंमत बघा. दोन चौकोन म्हणजे ८, वर्ग बसला. तीन चौकोन झाले की १२, वर्ग गेला. अंजनेरीचं राखीव क्षेत्र ५.६९ चौ.किमी., पण जाळी कुठून सुरू करता त्यावर तेच पठार दोन चौकोनांत बसेल किंवा चार चौकोनांत सांडेल. म्हणून आययूसीएनची मार्गदर्शिका सांगते की जाळी सरकवून बघा आणि कमीत कमी चौकोन येतील ती मांडणी घ्या. बरेच जण संगणकाने दिलेली पहिली जाळी तशीच ठेवतात आणि नकळत झाडाचा वर्ग खाली आणतात.

---

गोदाकाठची

सह्यकडा, जाळीचं बरोबर आहे, पण इथे ती अडचणच येत नाही. विस्तारक्षेत्र आणि व्याप्तिक्षेत्र यांपैकी एक जरी मर्यादेत असलं तरी चालतं. एका डोंगरावरच्या झाडाचं विस्तारक्षेत्र १०० च्या कितीतरी खाली असतं. (ते व्याप्तिक्षेत्रापेक्षा लहान आलं तर व्याप्तिक्षेत्राएवढं धरायचं असा नियम आहे. म्हणजे तीन चौकोन असले तर १२. तरीही १०० च्या आतच.) क्षेत्रफळावर डोकं खाजवण्यात अर्थ नाही, ती परीक्षा झाड बसल्या जागी पास होतं.

गाडी अडते पुढे. क्षेत्रफळ लहान असलं की झालं असं नाही. त्याच्या जोडीला तीनपैकी दोन गोष्टी दाखवाव्या लागतात: ठिकाणांची संख्या (अतिसंकटग्रस्तासाठी एकच, संकटग्रस्तासाठी पाचपर्यंत) किंवा टोकाचं तुटकपण, सातत्याने चालू असलेली घट, किंवा संख्येतले टोकाचे चढउतार. कंद धरून जगणाऱ्या झाडाला चढउतार सिद्ध करणं अवघड, कारण एखाद्या वर्षी कोंब वर आला नाही म्हणजे झाड मेलं असं नाही. मग उरतात ठिकाण आणि घट.

ठिकाण दाखवता आलं आणि घट दाखवता आली नाही, तर बी निकष पूर्ण कोसळतो. मग डी२ वर यावं लागतं, म्हणजे व्याप्तिक्षेत्र साधारण २० च्या आत किंवा पाचपर्यंत ठिकाणं आणि समोर दिसणारा धोका. त्यात मिळतो फक्त ‘असुरक्षित’. झाड तेच, डोंगर तोच, फूल तेच. अतिसंकटग्रस्त आणि असुरक्षित यांच्यात फरक आहे तो आपल्या वहीत घट लिहिलेली आहे की नाही एवढाच.

---

पेठरोडचा पक्या

घट म्हणजे झाडं कमी झालेली मोजायची ना? त्याला दहा वर्षं लागतील. तोवर माथ्यावर भजीचे स्टॉल लागतील.

---

गोदाकाठची

नाही, पक्या. झाडांचीच घट हवी असं नाही. अधिवासाची प्रत किंवा क्षेत्र घटतंय हे दाखवलं तरी चालतं. पायवाट रुंदावते, गवत जळतं, मुरूम उघडा पडतो, खड्डे खणले जातात, हे सगळं अधिवासाच्या घटीत येतं आणि दोन-तीन हंगामांत मोजून होतं.

आणि ‘ठिकाण’ या शब्दाबद्दल थोडं, कारण सगळ्यात जास्त चुका त्यात होतात. ठिकाण म्हणजे गावाचं नाव नाही की जीपीएसचा बिंदूही नाही. एकच घटना घडली तर जेवढ्या भागातली सगळी झाडं तिच्या तावडीत येतील तेवढा भाग म्हणजे एक ठिकाण. पठारावर झाडांचे सहा पुंजके असले आणि एका वणव्यात सहाही जळू शकत असले, तर ठिकाण एक. कड्याच्या फळीवरचा पुंजका वणव्याच्या आणि माणसाच्या वाटेबाहेर असेल, तर तो वेगळा धरावा लागेल. म्हणून प्रत्येक पुंजक्यापुढे धोका लिहिल्याशिवाय ठिकाणं मोजताच येत नाहीत.

---

मुरूम

पायवाटेचं मोजमाप कसं करायचं ते लिहितो.

वाटेवर दर ५० मीटरवर आडवा छेद घ्यायचा. दोन रुंद्या मोजायच्या: पूर्ण उघड्या मातीची, आणि गवत आहे पण दबलंय अशा पट्ट्याची. दुसरी बहुतेक जण सोडून देतात आणि नेमकी तिथेच झाडं असतात. मग वाटेच्या दोन्ही काठांवर खुंट्या ठोकून दोरी ताणायची आणि दर १० सेंमीवर दोरीपासून जमिनीपर्यंतची खोली पट्टीने घ्यायची. आकडे कागदावर मांडले की वाटेतून किती माती वाहून गेली ते मिळतं. दोरी ढिली असली तर मध्ये झोल येतो आणि खोली कमी भरते. म्हणून ओली सुतळी नको, मासेमारीची नायलॉन दोरी घ्यावी. ती पावसातही ताठ राहते. खुंट्या लोखंडी, डोकं जमिनीबरोबर. वर राहिलेली खुंटी गुराख्याच्या पायाला लागते आणि दुसऱ्या दिवशी जागेवर नसते.

वाट रुंद होते तरी का? गर्दीमुळे, हे अर्धंच उत्तर. पावसाळ्यात वाटेचा मधला भाग खोलगट होतो, त्यात पाणी साचतं, चिखल टाळायला माणूस काठाच्या गवतावरून जातो. काठही चिखल होतो, पुढचा त्याच्याही बाहेरून जातो. एका वाटेच्या चार होतात. ‘झाडं तुडवू नका’ अशी पाटी लावून हे थांबत नाही, पाणी वाटेबाहेर काढल्यावर थांबतं. उतारावर दर १० ते १५ मीटरला तिरकी दगडी आडवण, वाटेशी अंदाजे ३० ते ४५ अंशांत, खालचं तोंड मोकळं. काटकोनात घातली तर मागे गाळ भरतो आणि पहिल्या मोठ्या पावसात पाणी वरून उडी मारतं. दगड तिथलाच पण सैल पडलेला वापरावा. कातळाच्या फटीतला उपटलेला दगड म्हणजे कुणाच्या तरी डोक्यावरचं छप्पर.

---

सह्यकडा

गोदाकाठची यांचं मान्य, विस्तारक्षेत्राचा मुद्दा माझ्याकडून निसटला.

घटीसाठी ठरावीक जागेवरून फोटो हा सगळ्यात स्वस्त पुरावा आहे, पण तो नीट काढला तर. जागा कातळावर बारीक छिन्नीखुणेने ठरवा (रंग नको), कॅमेरा दीड मीटर उंचीवर, झूम न वापरता, दिशा होकायंत्राने अंशांत लिहून. वर्षातून तीनदा: सप्टेंबरचा पहिला पंधरवडा, डिसेंबर, मे. एकट्या सप्टेंबरच्या फोटोत प्रत्येक डोंगर स्वर्ग दिसतो.

वणव्यासाठी नासाची उपग्रहांवरची आगीची सूचना सेवा बघता येते, तिचा बारीक संवेदक ३७५ मीटरचा आहे. पण गवताची आग तासाभरात विझते आणि उपग्रह डोक्यावर नसेल तर नोंदच होत नाही. त्यामुळे ‘उपग्रहावर आग नाही, म्हणजे वणवा नाही’ असं कुणी म्हणालं तर ऐकू नका. सेंटिनेल-२ या युरोपीय उपग्रहांची १० मीटरची चित्रं बघा, त्यांत जळलेला काळा पट्टा पुढचे काही आठवडे दिसतो.

---

कंदमुळे

मोजणीवर लिहितो, कारण डी निकष (५० पेक्षा कमी प्रौढ झाडं असली तर थेट अतिसंकटग्रस्त, २५० पेक्षा कमी तर संकटग्रस्त, बाकी काही सिद्ध करायची गरज नाही) पूर्ण मोजणीवर उभा आहे, आणि कंदीलपुष्पांची मोजणी लोक फार चुकीची करतात.

वेल न होता उभ्या वाढणाऱ्या जाती, सह्याद्रीच्या माथ्यांवरच्या बऱ्याच दुर्मिळ जाती अशाच आहेत, फूल नसताना गवतात हरवतात. कंद पहिल्या पावसांनी जागा होतो, ऑगस्ट-सप्टेंबरात फूल, त्यानंतर शेंगा, आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरात वरचा भाग वाळून नाहीसा. पुढचे सहा-सात महिने झाड जमिनीखाली, बोटा-दोन बोटांवर. मे महिन्यात तुम्ही पठारावर उभे असता तेव्हा बहुधा त्याच्या डोक्यावरच उभे असता.

पद्धत: ५० मीटरची टेप सरळ टाका, दोन्ही बाजूंना एक-एक मीटर, म्हणजे १०० चौ.मी.चा पट्टा. दोघांनी एकाच पट्ट्यात वेगवेगळं चालायचं, न बोलता, आपापला आकडा लिहायचा, मग पडताळायचा. एकाला दिसलेली किती दुसऱ्याला दिसली यावरून दोघांनाही न दिसलेली किती असतील याचा हिशोब निघतो. एकट्याची मोजणी नेहमी कमी भरते. सकाळी दवात जाऊ नका, वाकलेल्या गवताखाली काही दिसत नाही.

प्रत्येक झाडामागे लिहायचं: उंची, पेरं, कळ्या, फुलं, शेंगा, आणि शेंडा खाल्लेला आहे का. शेवटचा रकाना फार महत्त्वाचा. गुराने किंवा नाकतोड्याने शेंडा खाल्ला की त्या वर्षीची फुलं गेली. झाड जिवंत आहे पण ‘फूल नाही’ म्हणून मोजणीतून सुटतं. खूण करायची तर १० सेंमी बाजूला, उत्तरेला, खिळ्यावर ॲल्युमिनियमची पट्टी. झाडाला बांधू नका, आणि झाडाच्या बुडाशी खिळा ठोकू नका. खाली कंद आहे हे विसरून खिळा थेट त्यातून गेल्यावर मग पुढच्या वर्षी ‘झाड नाहीसे’ अशी नोंद होते!

किमान तीन हंगाम. पहिल्या वर्षी ३० आणि दुसऱ्या वर्षी ३० दिसली, आणि त्यातली १२ नवी खुणेची असली, तर प्रौढ झाडं ३० नाहीत, किमान ४२ आहेत. (आकडे समजुतीपुरते.) एका वर्षाच्या मोजणीवर ‘फक्त इतकीच शिल्लक’ अशी बातमी देऊ नये.

---

गवत्या

कंदमुळे, हा रकाना कुणीच ठेवत नाही, धन्यवाद. फलधारणा इतकी कमी का दिसते, तेही लिहा ना. फुलं बरी दिसतात आणि शेंगा शोधाव्या लागतात.

---

कंदमुळे

फुलाची रचनाच तशी. हे रुईच्या कुळातलं. खाली फुगीर तळ, वर नळी, आणि टोकाला पाच पाकळ्यांची टोकं जुळून झालेला पिंजरा, म्हणून कंदील. फूल उभं कापून भिंगाखाली धरलं तर नळीच्या आतले केस खालच्या बाजूला झुकलेले दिसतात. उंदराच्या पिंजऱ्याचं तत्त्व. वासाने आलेली बारीक माशी, मिलिमीटर-दोन मिलिमीटरची, आत उतरते आणि वर चढता येत नाही. तळाशी धडपडताना तिच्या तोंडाच्या अवयवांना परागपुंजांची जोडी चिमट्यासारखी अडकते. साधारण दिवसभराने केस मलूल होतात, माशी सुटते. आता तिने त्याच जातीच्या दुसऱ्या फुलात पुन्हा फसायचं आणि तो पुंज अचूक खाचेत बसवायचा, तेव्हा शेंग. परागकण सुटे नसतात, त्यामुळे थोडे इथे थोडे तिथे असं होत नाही. लागली तर एकाच वेळी शेंगभर बिया, नाही तर शून्य.

यातून संवर्धनासाठी निघणारी गोष्ट: झाडं एकमेकांपासून लांब पडली की माशी दुसऱ्या फुलापर्यंत पोचतच नाही. विखुरलेली ४० झाडं आणि एका तुकड्यातली ४० झाडं कागदावर सारखी, डोंगरावर नाहीत. म्हणून पुंजक्यांमधलं अंतरही लिहा.

---

पेठरोडचा पक्या

भारी. रच्याकने, मग घरी कुंड्यांत लावून वाढवता येणार नाही का? एवढे नर्सरीवाले आहेत नाशकात, द्राक्षाची कलमं करणाऱ्या गावाला हे काय अवघड.

---

कंदमुळे

वाढवणं अवघड नाही. कोल्हापूरला शिवाजी विद्यापीठात सेरोपेजियांवर हे काम झालेलं आहे. पण ‘वाढवता येतं’ म्हणून ‘उपटून आणा’ असं कुणी वाचू नये. संवर्धन राखीव क्षेत्रातून वनविभागाच्या लेखी परवानगीशिवाय बीसुद्धा उचलायचं नाही.

परवानगीने बी घ्यायचं तर कंद सोडून बीच घ्या. शेंगा जोडीने येतात, बारीक, टोकदार. तडकल्या की रुईसारखी म्हातारी उडते आणि दहा मिनिटांत शेंग रिकामी. म्हणून रंग हिरव्यावरून पिवळट-तपकिरी व्हायला लागला की लग्नात वाण-सुपारी देतात तसल्या जाळीच्या पोटलीत शेंग बांधायची. प्लॅस्टिकची पिशवी किंवा जाड मलमल नको, सप्टेंबरअखेरच्या सरींत आत वाफ धरते आणि बियांवर बुरशी येते. बीज बँकांचा सर्वसाधारण नियम म्हणजे त्या दिवशी उपलब्ध बियांच्या २० टक्क्यांहून जास्त घ्यायचं नाही. अशा मूठभर झाडांच्या बाबतीत १० टक्के पुरे. एकाच झाडाच्या शेंगा रिकाम्या करू नका, पाच झाडांचं थोडं थोडं घ्या.

बी ताजंच पेरा, कपाटात ठेवून वर्षाने पेरू नका. दोन भाग बारीक मुरूम, एक भाग चाळलेली पानमाती, कुंडी उथळ चालेल पण छिद्रं मोठी. बी अर्धा सेंमी खोल, म्हातारीचे केस काढून. केसांसकट पेरलं तर ते पाणी धरतात आणि बी तिथेच कुजतं. पहिल्या वर्षी वर एक काडी आणि दोन-चार पानं, खाली हरभऱ्याएवढा कंद. तेवढंच अपेक्षित आहे.

आता सगळ्यात मोठी चूक. नोव्हेंबरात वरची काडी वाळते. माणसाला वाटतं झाड मरतंय, तो रोज पाणी घालतो, आणि कंद खरोखर मरतो. काडी वाळली की पाणी बंद. कुंडी सावलीत, मुंग्या-उंदरांपासून दूर, थेट मेअखेरपर्यंत. कुंडीत फुललेल्या झाडांनी डी निकषातला आकडा वाढत नाही हेही लक्षात ठेवा. तिथे मोजतात ती डोंगरावरची.

---

शून्य वणवा

इथे सगळे गर्दी आणि रोपवेवर बोलताय. गवताळ माथ्याला याहून जुना धोका आहे, तो चांगल्या मनाने येतो आणि हातात रोप घेऊन येतो.

दर जुलैत नाशिकच्या आसपासच्या डोंगरांवर वृक्षारोपण होतं. उघडा गवताळ माथा कुणाला तरी ‘बोडका’ दिसतो. दीड फूट बाय दीड फूट बाय दीड फुटाचे खड्डे, आणि तेही जिथे माती थोडी खोल आहे तिथे, कारण कातळात खड्डा होत नाही. कंदीलपुष्पाचे कंदही कातळालगतच्या त्याच मातीच्या खिशात असतात. जुलैत कोंब बोटभर असतो, खणणाऱ्याला दिसत नाही. एका खड्ड्यात किती कंद उलटले हे कुणी मोजत नाही. वर उपटलेली माती बाजूच्या गवतावर ढीग करून टाकतात, त्याखालचेही गेले. पुढे गिरिपुष्पासारखं झाड जगलंच तर सावली पडते आणि माथ्याचं गवत बदलतं. समतल चरांचंही तेच.

बीजगोळे टाकणाऱ्यांनाही हात जोडून विनंती, माथ्यावर नको. पायथ्याच्या उजाड वनात टाका, गावाला विचारून.

---

मुरूम

+१. आणि ही गोष्ट घटीच्या नोंदीत सरळ बसते. खड्ड्यांची संख्या, प्रत्येकाचं क्षेत्र, ढिगाऱ्याखालचं क्षेत्र. टेपने होतं.

---

सह्यकडा

शून्य वणवा, खड्ड्यांबाबत शंभर टक्के. पण नावावरून वाटतं की तुम्ही चराई आणि आग दोन्ही पूर्ण बंद करा म्हणाल. त्याला माझा विरोध आहे. गुरं पूर्ण थांबवली की पाच-सहा वर्षांत कुसळी आणि इतर उंच गवतं दाटतात, खाली वाळलेल्या गवताचा गादीसारखा थर साचतो. बुटक्या झाडाला ऊनही मिळत नाही, आणि तो थर पेटला की आग जास्त वेळ आणि जास्त तापते.

---

शून्य वणवा

नाव तसं असलं तरी चराईबंदीचा मीही समर्थक नाही. प्रश्न वेळेचा आहे. जुलै ते ऑक्टोबर, कोंब ते शेंग, या काळात पुंजक्यांवर गुरं नकोत. नोव्हेंबरच्या मध्यानंतर, म्हातारी उडून गेल्यावर, गवत कापा किंवा चारा. कापायचं तर चार-सहा बोटं उंच, बुडापासून खरवडू नका. कापलेलं गवत खाली न्या, ढीग माथ्यावर सोडू नका.

आगीला मात्र सवलत नाही. डिसेंबरमध्ये पठाराच्या पायवाटेच्या बाजूने जाळरेषा (आग पुढे सरकू नये म्हणून गवत काढलेला पट्टा) घ्या, पण ती नांगरून किंवा खरडून नको, गवत कापून आणि दव असताना नियंत्रित जाळून. यंत्राने खरडलेली जाळरेषा म्हणजे कंदांवरून फिरवलेला फाळ. हे वनरक्षकाला आधी नकाशावर पुंजके दाखवून सांगावं लागतं, नाही तर तो त्याचं काम चोख करतो आणि झाडं जातात.

गुराख्यांशी बोलताना लॅटिन नाव चालत नाही, चित्र दाखवा. कंद खाण्याची जुनी सवय आहे, खर्चुडी म्हणून पोरं उकरतात. ‘खाऊ नका’ पेक्षा ‘हा पुंजका सोडून बाकीचे’ हे लवकर पटतं.

---

चिमणबाग

नकाशावर पुंजके दाखवा म्हणताय, आणि दुर्मिळ झाडाची जागा उघड करू नये असंही म्हणतात. फोटोग्राफर मंडळी लोकेशन मागतात तेव्हा काय करायचं?

---

गोदाकाठची

वनविभागाला अचूक बिंदू, जगाला डोंगराचं नावसुद्धा नको, ‘नाशिक जिल्हा’ पुरे. आयनॅचरलिस्टवर (निसर्गनोंदींचं संकेतस्थळ) टाकायचं तर जागा ‘झाकलेली’ निवडा. मग ते खरा बिंदू न दाखवता ०.२ अंशाच्या चौकोनात, म्हणजे साधारण २२ किमीच्या बाजूच्या चौकोनात, कुठेतरी ठिपका दाखवतं. पण त्याच दिवशी, त्याच वाटेवरच्या दहा साध्या फुलांची जागा उघडी ठेवली तर कुणीही वेळ जुळवून बिंदू काढतो. सगळ्या दिवसाच्या नोंदी झाका. मोबाईलच्या फोटोत जागा आत लिहिलेली असते, ग्रुपवर ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवला तर ती जशीच्या तशी जाते.

आणि फूल चांगलं दिसावं म्हणून आजूबाजूचं गवत उपटणं बंद करा. ते गवतच झाडाला लपवतं. ‘साफ’ केलेलं झाड पुढच्या गुराच्या तोंडाशी उघडं. पोटावर झोपून काढलेल्या एका फोटोखाली दोन-तीन कोंब दबतात.

---

चिमणबाग

पटलं. माझ्या जुन्या पोस्टमधली जागा काढते.

---

गवत्या

कायद्याचा मुद्दा राहिला. संवर्धन राखीव क्षेत्र वन्यजीव संरक्षण कायद्याच्या कलम ३६अ खाली येतं. अभयारण्याइतकं कडक नसतं, पण ३६ब प्रमाणे त्याला सल्लागार व्यवस्थापन समिती असते आणि तीत ज्या ग्रामपंचायतीच्या हद्दीत क्षेत्र येतं तिचा प्रतिनिधी असतो. आपले मोजलेले कागद तिथे जायला हवेत. दुसरी वाट जैवविविधता कायदा २००२ ची: ग्रामपंचायतीची जैवविविधता व्यवस्थापन समिती आणि तिची लोकजैवविविधता नोंदवही. अनेक ठिकाणी ही वही कुणा संस्थेने एका आठवड्यात भरून दिलेली असते आणि तीत आंबा, सागवान, तुळस असते. पुरवणी नोंद करता येते. त्यात जाती, हंगाम, धोका आणि पुंजक्यांची संख्या लिहा, अचूक बिंदू नको.

नाशिकजवळच्या बोरगडचं संवर्धन राखीव क्षेत्र २००८ चं, अंजनेरीचं २०१७ चं. दोन्हीकडे कागदाचा उपयोग झाला तो आधी कुणीतरी नोंदी ठेवल्या होत्या म्हणून.

---

मुरूम

मग रकाने ठरवून टाकू. दोन तक्ते: एक झाडांचा (कंदमुळे यांनी दिलेले रकाने अधिक शेजारच्या पुंजक्याचं अंतर), एक वाटेचा (छेद क्रमांक, उघडी रुंदी, दबलेली रुंदी, खोल्या, पाणी साचलंय का). तारीख आणि मोजणाऱ्या दोघांची आद्याक्षरं प्रत्येक ओळीत. पेन्सिलने लिहा, पावसात शाई पसरते. वही ए५, पुठ्ठ्याला मागे क्लिप, आणि दोन पेन्सिली, कारण एक कड्यावरून पडतेच.

---

कंदमुळे

झाडांच्या तक्त्यात ‘शोधलं पण दिसलं नाही’ असा रकाना घाला. खिळा आहे, झाड नाही. तीन वर्षं ओळीने तसं आलं तरच ते झाड गेलं असं धरा. पहिल्या वर्षीचा खिळा काढून घेऊ नका.

---

गोदाकाठची

आणि वाटेच्या तक्त्यात पहिली नोंद २०२७ च्या आधीच्या सप्टेंबरात व्हायलाच हवी. नंतर रुंदी कितीही मोजली तरी ‘आधी किती होती?’ याला उत्तर नसेल आणि घटीचा रकाना कोरा जाईल.

---

पेठरोडचा पक्या

मासेमारीची दोरी भद्रकालीत मिळेल, खिळे आणि ॲल्युमिनियमच्या पट्ट्याही तिथेच बघतो. पट्टीची रुंदी किती घेऊ?

---

कंदमुळे

दोन सेंमी बाय पाच. आकडे ठोकून उमटवा, मार्करने लिहू नका, एका पावसाळ्यात जातात. कडा घासून घ्या.